‘दिवाळी होऊ द्या, मग दाखवू’

‘दिवाळी बघून गेली.’ कार्तिकात एखाद्या घरी भेटायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. आजी आश्विनापासूनच थकलेली होती, पण नातवंडं आली, लक्ष्मीपूजन झालं, भाऊबीज झाली आणि मगच तिनं डोळे मिटले, असं घरची माणसं सांगतात. त्यात दुःखाबरोबर थोडं समाधानही असतं. उत्तरायणाची वाट बघत शरपंजरी पडलेल्या भीष्मांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या समाजाला यात अशक्य काही वाटत नाही.

उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यात तर अशी घरं जागोजागी भेटतात. वस्तीचं नाव मराठ्यांच्या निशाणाचं, पण ती वाढवली फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी. 1947 साली आईचं बोट धरून आलेलं सहा-सात वर्षांचं मूल आज पंचाऐंशीच्या आसपास आहे. दुकानं उभी राहिली, मुलं शिकली आणि पुण्याला, बंगळुरूला, दुबईला गेली. खालच्या मजल्यावर दोन म्हातारी माणसं आणि वरचे मजले कुलूपबंद, हे चित्र इथं नवीन नाही. ही कुलपं उघडतात ती दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत. सिंधी घरात दिवाळीला हटडी पुजली जाते, शेजारच्या मराठी घरात उटणं भिजतं, आणि पलीकडे इंदोऱ्यातून दसऱ्याला पांढऱ्या कपड्यांतली वयस्क माणसं दीक्षाभूमीकडे निघतात. 14 ऑक्टोबर 1956 चा सोहळा स्वतः पाहिलेले काही जण अजून आहेत. त्यांना ‘या वर्षी गर्दीत नको’ असं सांगायला घरच्यांची जीभ रेटत नाही.

सणासाठी मरण खरोखर थांबतं का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारून पाहिला आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी 1990 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिनी वंशाच्या वृद्ध स्त्रियांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. सण निवडला शरदातल्या पौर्णिमेचा. आपली कोजागिरी याच ऋतूतली. त्या सणात घरातली सर्वांत ज्येष्ठ स्त्री मोठ्या जेवणाची सगळी सूत्रं हलवते, म्हणून तिला त्या दिवसाची ओढ सर्वांत जास्त असणार, हा तर्क. सणाआधीच्या आठवड्यात मृत्यू 35 टक्क्यांनी कमी आणि नंतरच्या आठवड्यात जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी जास्त आढळले. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. इच्छाशक्ती मृत्यूला आठवडाभर दाराबाहेर उभं करते, याचा जणू पुरावाच मिळाला.

पण विज्ञानात एका मोजणीवर भागत नाही. गॅरी स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये त्याच सणाच्या वेगळ्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा परिणाम दिसेना. त्याच वर्षी ओहायो राज्यातल्या कर्करोगाच्या तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या मृत्यूच्या तारखा नाताळ, थँक्सगिव्हिंग आणि वाढदिवसाशी ताडून पाहण्यात आल्या. मृत्यू पुढे ढकलला गेल्याचा पुरावा मिळाला नाही. आजी दिवाळी ‘बघून’ जाते तशीच कितीतरी माणसं दिवाळीच्या आधी चार दिवसही जातात. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, एवढंच.

गंमत पुढेच आहे. याच फिलिप्स यांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या 1973 ते 2001 या काळातल्या सुमारे 5 कोटी 30 लाख मृत्यूंची छाननी केली आणि उलटंच काही हाती लागलं. हृदयविकाराचे मृत्यू नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास वर्षातल्या इतर कोणत्याही काळापेक्षा जास्त होते. विशेष म्हणजे ही उसळी दाखल होऊन उपचार घेणाऱ्या रुग्णांपेक्षा, रुग्णालयात पोचण्याआधी किंवा दारातच प्राण सोडणाऱ्यांमध्ये ठळक होती. ‘थंडीमुळे असेल’ ही शंका न्यूझीलंडनं दूर केली. तिथं नाताळ भर उन्हाळ्यात येतो, तरी 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या पंधरवड्यात रुग्णालयाबाहेरचे हृदयविकाराचे मृत्यू 4.2 टक्क्यांनी जास्त निघाले. स्वीडनच्या 2018 मधल्या अभ्यासात नाताळच्या आदल्या संध्याकाळी हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 37 टक्क्यांनी वाढलेला आढळला. सर्वाधिक झळ बसली ती पंचाहत्तरीच्या पुढच्यांना आणि मधुमेह किंवा हृदयविकार आधीपासून असलेल्यांना. ईस्टरला मात्र असं काही दिसलं नाही, म्हणजे सगळे सण सारखे नसतात. स्वीडनचा आकडा उचलून दिवाळीला चिकटवता येणार नाही. पण न्यूझीलंड आणि अमेरिकेच्या अभ्यासकांनी जी एक शक्यता पुढे ठेवली, ती आपल्याला अगदी घरची वाटावी अशी आहे: सणासुदीत माणसं दुखणं अंगावर काढतात.

मरण थांबत नसेल, पण रुग्णालयात जाणं मात्र थांबतं. ‘दिवाळी होऊ द्या, मग दाखवू’ हे वाक्य सहसा ज्येष्ठ स्त्रीच्याच तोंडचं. तिला आठवडाभर जिना चढताना दम लागत असतो. रात्री आडवं पडलं की घुसमट होते, म्हणून ती दोन उशा घेते, मग तीन. सून विचारते तर ‘फराळाचा थकवा आहे गं’ हे उत्तर तयार असतं. दुबईहून मुलगा दोन वर्षांनी आलेला असतो, त्याची सुट्टी दवाखान्यात घालवायची तिची इच्छा नसते. त्यात वृद्धांचा, विशेषतः स्त्रियांचा आणि मधुमेहींचा हृदयविकार सिनेमातल्यासारखा छाती धरून येईलच असं नाही. नुसता दम, अचानक दरदरून घाम, कमालीची गळाठा आल्यासारखी अवस्था, मळमळ किंवा एकाएकी असंबद्ध बोलणं एवढंही लक्षण असू शकतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त स्नायू वाचवतं. पक्षाघातात ते देण्याची मुदत साधारण साडेचार तासांची. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊला सुरू झालेला दम सकाळी पाहुणे गेल्यावर दाखवला, तर यातला बहुतेक वेळ हातचा गेलेला असतो.

दुखणं वाढायला कारणंही सण पुरवतो. गोडाची भीती सगळ्यांना असते, मिठाची कोणालाच नसते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चिवडा, शेव, चकली यांच्या वाटीवाटीनं ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. सिंधी घरात तर आल्यागेल्याला आधी पापड आणि पाणी देण्याची रीत आहे. मोठी गोड रीत, पण पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि पापडखार म्हणजेही सोडियमच. मंदावलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला हे सोडियम बाहेर टाकता येत नाही. ते पाणी धरून ठेवतं, पायावर सूज येते, मग फुप्फुसात पाणी साचतं. याच आठवड्यात लघवी वाढवणारी गोळी गुपचूप बंद होते, कारण घरात पाहुणे आणि संडास एकच. दीक्षाभूमीवर दिवसभर थांबायचं म्हणूनही ती गोळी टाळली जाते. मीठ वाढलं आणि गोळी सुटली, की तीन-चार दिवसांत माणूस धापा टाकत येतो.

नवरात्रात उलटी तऱ्हा. नऊ दिवस उपवास, पण साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्याच मात्रेत. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं साखर खाली गेली की म्हातारं माणूस झोपल्यासारखं दिसतं आणि घरचे म्हणतात, उपवासानं ग्लानी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटेचंही एक सांगायला हवं. अंधारात, तेल लावलेल्या पायांनी, ओल्या फरशीवर ऐंशी वर्षांची व्यक्ती आंघोळीला जाते. खुब्याचं हाड मोडायला याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. उजाडल्यावर, स्टुलावर बसून, तेल कोपराच्या वरच लावून केलेलं अभ्यंगही अभ्यंगच असतं.

वृद्धाश्रमांची दिवाळी हा वेगळाच विषय आहे. या चार दिवसांत तिथं माणसांची रीघ लागते: शाळा, मंडळं, कंपन्यांचे गट. प्रत्येकाच्या हातात मिठाईचा डबा, प्रत्येकाला आजोबांच्या तोंडात पेढा घालतानाचा फोटो हवा असतो. आजोबाही नाही म्हणत नाहीत, वर्षभरात कोणी एवढ्या प्रेमानं भरवलेलं नसतं. रात्री साखर मोजणाऱ्या परिचारिकेच्या वाट्याला तीनशे-साडेतीनशेचे आकडे येतात आणि उशीखाली दडवलेले लाडू पुढचा आठवडाभर सापडत राहतात. देणाऱ्यांचा हेतू खोटा नसतो, पण तो दसरा-दिवाळीतच का उफाळून येतो, हे विचारायला हरकत नाही. जानेवारीच्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी कॅरम खेळायला जाणारा गट त्या रहिवाशांना जास्त आठवतो. आणि काही न्यायचंच असेल तर साखर मोजायच्या पट्ट्या, मोठ्या माणसांचे डायपर, न घसरणाऱ्या चपला आणि कानाच्या यंत्राचे सेल कोणत्याही आश्रमाला कमी पडतच असतात.

घरी आलेल्या मुलांसाठी एक साधी युक्ती आहे. ‘आई, तब्येत कशी आहे?’ असं विचारू नये, उत्तर ठरलेलं असतं. रात्री किती उशा घेतेस, गेल्या वर्षी जिथवर एका दमात चालायचीस तिथवर आता जातेस का, चप्पल घट्ट होतेय का, हे विचारावं. गोळ्यांची पाकिटं स्वतः हातात घेऊन मोजावीत, तारखेच्या मानानं जास्त उरल्या असतील तर काय ते कळतं. वजनकाटा असेल तर धनत्रयोदशीला आणि भाऊबीजेला, सकाळी, लघवीनंतर, तेवढ्याच कपड्यांत वजन घ्यावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर तो फराळ नसतो, पाणी असतं, आणि त्यासाठी डॉक्टरला त्याच दिवशी गाठायचं. बसल्या जागी दम, छातीत दाब, वाकडं तोंड किंवा लुळा हात दिसला तर 108 ला फोन करायचा, बाहेर फटाके वाजत असले तरी. सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही उघडाच असतो. मुलांनी परतीचं तिकीट काढतानाच आईची तपासणीची तारीख घेऊन ठेवावी, आणि शक्य असेल तर ती वसुबारसेच्या आधीची असावी.