जुनी लाकडी मोटार-होडी पुन्हां पाण्यांत सोडतांना

गिरणेच्या कांठीं भडगांवास राहणाऱ्या माणसानें होड्यांविषयीं बोलावें हें कोंकणांतल्या श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. आमची नदी पावसाळ्यांत दुथडी वाहते आणि उन्हाळ्यांत तिच्या वाळूंतून गाडीवाट पडते. परंतु ज्या कोरडेपणामुळें खानदेशांत होड्या थोड्या, तोच कोरडेपणा जुन्या होडीचा मोठा वैरी आहे. आणि त्यावरील तोड आमच्या गाडीवानांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. ती पुढें सांगतों.

खाडीकांठच्या छपराखालीं वाडवडिलांच्या वेळची होडी पडून असते. ती कधींची व कोणी बांधलेली, हा पहिला प्रश्न. बहुतेक मंडळी येथें नांवाच्या पाटीकडे धांवतात. पण पाटीसारखा बेभरंवशाचा साक्षीदार दुसरा नाहीं. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारी सागवानाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत सोडली. पुढें इंग्लंडांत शिकाऊ मुलांची नौका म्हणून वापरतांना तिचें नांव 'फूद्रोयां' पडलें. १९८७ सालीं ती दुरुस्तीसाठीं हार्टलपूल बंदरांत नेली, १९९२ सालीं तिला मूळचें नांव परत मिळालें आणि २००१ सालीं काम पुरें झालें. मुंबईचें हें सागवान आजहि तेथें पाण्यावर तरंगत आहे. पाटीवर विसंबणाऱ्यास तिचा मुंबईशीं संबंध कळलाच नसता!

तेव्हां शोध घ्यावयाचा तो आंतल्या लाकडांत. ब्रिटिश कायद्यान्वयें नोंदलेल्या नौकेचा क्रमांक व टनभार मुख्य आडव्या तुळईवर कोरीत. रंगाचे थर हलक्या हातानें खरवडल्यास तो सांपडूं शकतो. लहान होडीस अशी नोंद नसेलहि. मग फळ्या एकीवर एक चढविल्या आहेत कीं कडेला कड लावून बसविल्या आहेत, खिळे तांब्याचे आहेत कीं लोखंडी, हें पाहावें. इंजिनावरील पाटी इंजिनाचें वय सांगते, होडीचें नव्हे. ग्लासगोच्या केल्व्हिन कारखान्याचीं जुनीं इंजिनें पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर चालवीत. तसलें इंजिन होडीच्या जन्मानंतर पुष्कळ वर्षांनींहि बसविलेलें असूं शकतें.

लाकडाची परीक्षा हा खरा महत्त्वाचा भाग. सागवानांत तेलाचा अंश असल्यामुळें त्यांतला लोखंडी खिळा बराच टिकतो. विलायती ओकाच्या लाकडांतील आम्ल मात्र लोखंड खाऊन टाकतें. दुसरी गोष्ट ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. समुद्राच्या पाण्यांत लाकूड पोखरणारा टेरेडो नांवाचा प्राणी असतो हें खरें, पण लाकूड कुजवितें तें बहुधा पावसाचें गोडें पाणी, कारण कुजविणाऱ्या बुरशीस मीठ मानवत नाहीं. म्हणून वरच्या फळ्यांखालचे, वारा न लागणारे कोपरे आधीं तपासावे. लांकडी हातोडीनें ठोकीत जावें. निरोगी फळी खणखणीत बोलते, कुजलेली भद्द वाजते. संशय येईल तेथें आरीचें टोंक टोंचून पाहावें. आणि रंग नवा व तुकतुकीत असेल तर जरा अधिकच टोंचावें.

आतां गाडीवानांची तोड. चैत्र-वैशाखांत चाकाचें लाकूड आटलें, धाव सैल झाली आणि आरे खडखडूं लागले, कीं आमचे गाडीवान चाकें काढून डोहांत बुडवून ठेवीत. लाकूड फुगे आणि धाव आपोआप घट्ट बसे. छपराखालीं वाळलेल्या होडीच्या फळ्यांमध्यें अशाच फटी पडतात. त्या पाहून उत्साही मालक त्यांत कठीण लुकण ठासून भरतो, आणि घात होतो तो येथेंच. पाण्यांत फळ्या फुगूं लागल्या कीं त्यांस जागा उरत नाहीं. त्या एकमेकींस रेटतात, खिळे उपटतात, प्रसंगीं आंतल्या फासळ्याहि मोडतात. सांध्यांत कापसाची वात बेताचीच ठोकावी व वरून मऊ राहणारें लुकण लावावें. नंतर कांहीं दिवस भिजलीं पोतीं पसरून होडी ओली ठेवावी. जमिनीवरच ती पाण्यानें भरूं मात्र नये. एक घनमीटर पाण्याचें वजन एक हजार किलो होतें, आणि तें आंतून पेलण्यासाठीं होडी बांधलेली नसते.

इंजिनाचें काम जाणत्या मिस्त्रीकडे द्यावें. मात्र पेट्रोलची वाफ हवेहून जड असून होडीच्या तळाशीं सांचते, हें घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. तळाच्या फळ्या उघडून वारा खेळविल्यावांचून इंजिन सुरू करूं नये. एका ठिणगीनें माणसें जळालेलीं आहेत. पंख्याचा दांडा जेथून बाहेर पडतो तेथील सुती पॅकिंग नवें घालावें, पण फार आंवळूं नये. इंजिन चालतांना तेथून थेंब-थेंब पाणी येणें योग्यच असतें. नद्या-खाड्यांतील यांत्रिक नौकांस १९१७ च्या कायद्याऐवजीं आतां २०२१ चा कायदा आहे. त्याप्रमाणें नोंदणी व तपासणी आधींच उरकावी.

कोळी बांधव नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून होड्या लोटतात, तो दिवस तुम्हीहि निवडावा. परंतु त्या दिवशीं होडींत मुलांस बसवूं नये. होडी पट्ट्यांच्या आधारानें उथळ पाण्यांत सोडून पट्टे तसेच राहूं द्यावे, पंप जवळ ठेवावा आणि रात्रभर एका माणसानें जागावें. पहिल्या कांहीं तासांत पाणी येईलच. दर तासानें तें किती आलें तें मोजून लिहून ठेवावें. आंकडा उतरत गेला तर फळ्या फुगत आहेत. चढत गेला तर पट्टे ओढून होडी लगेच कांठावर घ्यावी.