नवा धनी आणि जुने पाठीराखे

सोमवारी सकाळी वर्गात पाऊल टाकावे, तो हजेरीच्या आधीच विलायतेतील फूटबॉलचा वाद रंगात आलेला असतो, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. अमका क्लब अमक्या धनिकाने विकत घेतला, आता तो कोणते नामांकित खेळाडू आणणार, त्यांस किती कोटी मोजणार, याची चर्चा आमचे विद्यार्थी मोठ्या आवेशाने करीत असतात. हा आवेश आम्हांस अप्रिय नाही. परंतु ‘नव्या मालकाने प्रथम काय करावे?’ असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते, ते हे की, ‘मोठे खेळाडू घ्यावेत.’ ज्यांनी आपला क्लब डोळ्यांदेखत बुडताना पाहिला, त्यांचे उत्तर मात्र निराळे असते. ते निराळे का, हे समजावे म्हणून इंग्लंडातील पोर्ट्समथ या शहराची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

पोर्ट्समथ हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील जुने आरमारी बंदर होय. तेथील फूटबॉल क्लब १८९८ साली स्थापन झाला, आणि १८९९ पासून तो फ्रॅटन पार्क या एकाच मैदानावर खेळत आला आहे. १९३९ साली त्याने एफ. ए. कप हा मानाचा चषक जिंकला. पुढे महायुद्धामुळे ही स्पर्धाच बंद पडल्याने तो चषक सात वर्षे पोर्ट्समथकडेच राहिला. १९४९ व १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे हा संघ इंग्लंडचा अजिंक्य संघ ठरला. बापाने मुलाला हात धरून मैदानावर न्यावे, आणि त्या मुलाने पुढे आपल्या मुलाला न्यावे, असे त्या गावचे व क्लबाचे नाते आहे.

२००८ साली पोर्ट्समथने एफ. ए. कप पुन्हा जिंकला. गावात आनंदाला पारावार उरला नाही. परंतु हे वैभव उसने होते. सुमारे वीस हजार प्रेक्षकांच्या जुन्या मैदानाला जे उत्पन्न होईल, त्याच्या मानाने खेळाडूंचे वेतन फारच मोठे होते, आणि मधली तूट मालकाच्या थैलीतून व कर्जातून भरून निघत होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खेळाडूचे वेतन अनेक वर्षांच्या कराराने बांधलेले असते. मालकाने हात आखडता घेतला, तरी महिना भरताच ते चुकते करावेच लागते. अर्थात ज्या दिवशी थैलीचे तोंड बंद झाले, त्याच दिवशी क्लबाचे दिवस भरले.

२००९-१० या एकाच हंगामात क्लबाने चार मालक पाहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा कारभार दिवाळखोरीच्या कायद्याप्रमाणे नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेला. प्रीमियर लीगमधील क्लबावर अशी पाळी येण्याची ती पहिलीच वेळ होती. नियमाप्रमाणे संघाचे नऊ गुण कापले गेले आणि तो खालच्या श्रेणीत गेला. कर्जाचा आकडा दहा कोटी पौंडांच्या वर होता. धनकोंच्या यादीत मोठमोठ्या क्लबांबरोबर सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार करणारी स्वयंसेवकांची संस्था होती, आणि स्काउट मुलांचे एक पथकही होते! २०१२ साली पुन्हा तोच प्रसंग ओढवला, आणि २०१३ मध्ये एके काळचा अजिंक्य संघ चौथ्या श्रेणीत येऊन पोहोचला.

क्लब कायमचाच बंद पडणार, असे वाटू लागले, तेव्हा पाठीराखे पुढे सरसावले. त्यांनी ट्रस्ट स्थापन केला. हजार पौंडांचा एकेक भाग सामान्य माणसांनी घेतला. कित्येकांनी चारचौघांत वर्गणी करून तो उभा केला. असे दोन हजारांहून अधिक भागीदार झाले, त्यांस काही सधन पाठीराख्यांची जोड मिळाली, आणि एप्रिल २०१३ मध्ये क्लब त्याच्या पाठीराख्यांच्याच मालकीचा झाला. पुढील वर्षीच जुन्या कर्जाचा निकाल लागला, आणि २०१७ च्या मे महिन्यात संघ चौथ्या श्रेणीत पहिला येऊन वर चढला.

नेमक्या याच वेळी वॉल्ट डिस्ने कंपनीचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांच्याकडून क्लब विकत घेण्याचा प्रस्ताव आला. किंमत सत्तावन्न लक्ष पौंडांच्या आसपास, आणि त्याशिवाय क्लबात एक कोटी पौंड घालण्याचे वचन. पाठीराख्यांपुढे मोठेच धर्मसंकट उभे राहिले. जो क्लब आपण घामाच्या पैशाने वाचवला, तो पुन्हा एका धनिकाच्या हाती द्यावा काय? एकदा भाग विकले, की मत गेले, आणि मग केवळ विनंती करणे तेवढे हाती उरते. तेव्हा जे मागावयाचे, ते सही होण्यापूर्वीच मागितले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

अशा प्रसंगी पोळलेले पाठीराखे काय मागतात? त्यांच्या मागण्यांचा क्रम साधारणतः येणेप्रमाणे लागतो.

पहिली मागणी अशी की, क्लबाच्या माथी कर्ज मारू नये. मालकाने घातलेला पैसा भांडवल म्हणून यावा, उसनवार म्हणून नव्हे. उसना पैसा परत मागता येतो, भांडवल तसे मागता येत नाही.

दुसरी मागणी मैदानाची. फ्रॅटन पार्क जीर्ण झाले होते. दुरुस्तीस लक्षावधी पौंड हवे होते, आणि ती न झाल्यास सुरक्षिततेसाठी प्रेक्षकांची संख्या घटवावी लागली असती. प्रेक्षक घटले की उत्पन्न घटते, आणि उत्पन्न घटले की पुन्हा कर्ज. एवढा खर्च ट्रस्टच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि विक्रीचा विचार करण्याचे हे एक मुख्य कारण होते.

तिसरी मागणी सरावाच्या जागेची व तरुण खेळाडू घडवण्याच्या व्यवस्थेची. विकत घेतलेला खेळाडू करार संपताच निघून जातो, परंतु खेळाडू घडवण्याची सोय क्लबापाशीच राहते.

चौथी मागणी म्हणजे नाव, रंग, बोधचिन्ह व गाव यांस धक्का लागू नये. त्यावाचून उरेल तो क्लब त्यांचा नव्हेच.

नामांकित खेळाडूंचा क्रम या सर्वांच्या मागून लागतो.

मतदान झाले. पाचांपैकी चारांहून अधिक मते विक्रीच्या बाजूने पडली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये क्लब नव्या मालकाकडे गेला. पुढील वर्षांत फ्रॅटन पार्कच्या प्रेक्षागारांची डागडुजी व पुनर्बांधणी झाली, आणि हिल्सी येथील सरावाची जागा क्लबाच्या मालकीची झाली.

परंतु हा मार्ग सुखाचा होता, असे कोणी समजू नये. संघ सात हंगाम तिसऱ्या श्रेणीतच अडकून पडला. २०१९ व २०२० साली वर चढण्याची संधी अखेरच्या टप्प्यात हुकली. भिंती बांधून गोल होतात काय, असे काही पाठीराखे रागाने विचारू लागले. त्यांचा राग अगदीच अनाठायी होता, असे आम्ही म्हणणार नाही. कारण धिमेपणा आणि कंजूषपणा हे दुरून सारखेच दिसतात. त्यांतील भेद ओळखण्याची खूण एकच. खर्च टिकाऊ गोष्टींवर होत आहे की मुळी होतच नाही, हे पाहावे. २०२४ साली संघ सत्त्याण्णव गुण मिळवून तिसऱ्या श्रेणीत पहिला आला व दुसऱ्या श्रेणीत चढला. त्याच वर्षी क्लबाचा स्त्रियांचा संघही आपल्या गटात पहिला येऊन वरच्या श्रेणीत गेला, हे आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

विद्यार्थिमित्रहो, मालक आज आहे, उद्या नाही. २००८ चा चषक क्लबाच्या नावावर आहे, परंतु तो जिंकून देणारा मालक दोन वर्षेही टिकला नाही. म्हणून यापुढे एखादा क्लब विकला गेल्याची वार्ता वाचाल, तेव्हा तो कोणाला विकत घेणार, एवढेच विचारू नका. हा धनी निघून गेल्यावर गावाच्या पदरात काय उरेल, हेही विचारा. पोर्ट्समथच्या लोकांना हा प्रश्न सुचण्यासाठी आपला क्लब जवळजवळ गमवावा लागला. तुम्हांस तो फुकट मिळत आहे.