आंदोलनातून पक्ष : सोलापूरचा आकडा काय सांगतो?

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावात हल्ला झाला आणि ३ तारखेच्या महाराष्ट्र बंदमध्ये आपली पोरं रस्त्यावर उतरली. मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, धनगर समाजाच्या मेळाव्याला बाळासाहेब आंबेडकर आले. वंचित बहुजन आघाडी अशी उभी राहिली. आधी रस्ता, मग पक्ष.

२०१९ ला बाळासाहेब सोलापुरातून लोकसभा लढले. मतं मिळाली १,७०,००७. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी सुशीलकुमार शिंदेंविरुद्ध १,५८,६०८ मतांनी निवडून आले. लगेच 'मतं खाल्ली' असा शिक्का बसला. आम्हाला तो मान्य नाही. मतं काय कुणाची जहागिरी आहेत?

पण २०२४ ला वंचितच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला आणि प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी जिंकल्या. मग ते एक लाख सत्तर हजारांचं बळ गेलं कुठे? आमच्या मते, ते कधी बांधलंच गेलं नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पाय ठेवायला जागा नसते. पण मतदार यादी घेऊन वस्तीत कोण फिरतं? विडी वळणाऱ्या आयाबहिणींच्या मजुरीसाठी कोण भांडतं? प्रभागात पाणी चार-चार दिवस येत नाही, तेव्हा महापालिकेत कोण जातं?