खोडलेल्या किमतीचा हिशेब

सवलतीच्या कापडदुकानातून रविवारी संध्याकाळी सहकुटुंब परतणारा कारकून किती वाचविले याचाच हिशेब मांडीत असतो. किती खर्चिले याचा नव्हे. दोन हजारांचा शर्ट हजारात! पण ते दोन हजार ठरविले कोणी? वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, तिच्याहून अधिक आकारता येत नाही. ती मुळात किती असावी, याला मात्र त्या नियमांत मर्यादा नाही. म्हणजे उत्पादकाने आकडा फुगवावा आणि दुकानदाराने तो खोडावा! गिरण्यांच्या दुकानांत पूर्वी डागी कापड स्वस्त मिळे. निदान डाग तरी दिसे. येथे ‘दोनांवर एक मोफत’ म्हणून गरज नसलेला दुसराही शर्ट घेतला जातो आणि मुलीचा गणवेश पुढच्या पगारावर जातो.