शाळकरी मुलांचे सायकलशिक्षण आणि संकेतांचा अर्थ

एखाद्या मुलास सायकल येते असे म्हटले जाते, तेव्हा त्याला तोल सांभाळता येतो आणि वेळेवर ब्रेक लावता येतो, एवढाच अर्थ बहुधा अभिप्रेत असतो. मोकळ्या पटांगणात ही कौशल्ये पुरतात. रस्त्यावर ती अपुरी पडतात. कारण रस्त्यावरील सायकलस्वार आपला हेतू इतरांना कळवीत असतो आणि इतरांचा हेतू ओळखीत असतो. म्हणून शाळकरी मुलांचे सायकलशिक्षण हे एका अंशी संकेतव्यवस्थेचेच शिक्षण होय. इंग्लंडमधील या शिक्षणाच्या वाटचालीवरून हा मुद्दा स्पष्ट होतो.

ब्रिटनमध्ये ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ ॲक्सिडेंट्स’ या संस्थेने १९४७ साली मुलांसाठी सायकल-प्रावीण्याच्या परीक्षा सुरू केल्या. १९५८ मध्ये त्या योजनेस शासनाचे पाठबळ मिळाले. पुष्कळ शाळांत हे शिक्षण पटांगणातच होई. आखून दिलेल्या जागी मूल हात पसरी आणि वळे. परंतु तो हात पाहणारे तेथे कोणी नसे. संकेत होता, ग्राहक नव्हता. २००७ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘बाइकेबिलिटी’ या योजनेने ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न केला. तिच्या तीन पायऱ्या आहेत : पहिली वाहतुकीपासून दूर, दुसरी शांत रस्त्यांवर, तिसरी गजबजलेल्या मार्गांवर. अवलोकन, रस्त्यावरील स्थान, हेतूचे निवेदन आणि अग्रक्रमाची जाण ही या शिक्षणाची चार अंगे होत.

यांपैकी ‘स्थान’ हे अंग विशेष विचारार्ह आहे. जॉन फ्रँकलिन यांच्या ‘सायकलक्राफ्ट’ (१९८८) या ग्रंथाने मार्गिकेच्या मध्याला ‘प्राथमिक स्थान’ आणि त्याच्या डावीकडील, तरीही कडेपासून निदान अर्धा मीटर दूर असलेल्या जागेला ‘दुय्यम स्थान’ अशी नावे दिली. सायकलने कडेला असावे या रूढ समजुतीला ही नावेच छेद देतात. २०२२ साली ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या संहितेत झालेल्या सुधारणेनेही शांत रस्त्यांवर, मंद वाहतुकीत आणि चौकाजवळ येताना मार्गिकेच्या मध्यातून जाण्याचा सल्ला दिला. मध्यातून जाणारा सायकलस्वार मागच्या चालकास दिसतो, आणि ‘येथून पुढे जाण्यास जागा नाही’ हेही त्याला न बोलता सांगतो. स्थान हा अशा रीतीने स्वतःच एक संकेत ठरतो.

वाक्यार्थाच्या बोधासाठी भारतीय शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. ही परिभाषा शब्दांसाठी घडली असली, तरी उजवीकडे वळणाऱ्या मुलाच्या कृतीस ती चांगली लागू पडते. मागे पाहणे, हात दाखविणे, पुन्हा पाहणे आणि वळणे या क्रियांना परस्परांची आकांक्षा असते. नुसता हात म्हणजे अपुरे वाक्य. मूल डाव्या कडेला चिकटून उजवा हात पसरीत असेल, तर स्थान एक सांगते आणि हात दुसरे. येथे योग्यता उरत नाही. वळण्याच्या जागेआधी दोन गल्ल्या हात दाखविला, तर संनिधी सुटते आणि चालक भलत्याच वळणाची अपेक्षा करतो. वळण्यापूर्वीची शेवटची नजर सर्वांत महत्त्वाची, कारण संकेत पाहिला गेला की नाही, हे तिनेच कळते.

तथापि या शिक्षणाच्या मर्यादाही ध्यानात घेणे अवश्य आहे. स्वीडनच्या स्टीना सांडेल्स यांनी १९६८ साली लहान मुले आणि वाहतूक यांविषयीचे आपले संशोधन ग्रंथरूपाने मांडले. वाहतुकीतील शब्द व चिन्हे यांचा मोठ्यांना अभिप्रेत असलेला अर्थ मुले धरतातच असे नाही, आणि केवळ शिकवून लहान मूल वाहतुकीस जुळवून घेता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शालेय सायकलशिक्षणामुळे दुखापती टळल्याचा पुरावा आढळला नाही. २०१४ मधील एका व्यापक समीक्षेतही मुलांचे ज्ञान वाढू शकते, पण दुखापती घटलेल्या दिसत नाहीत, असाच निष्कर्ष निघाला. यावरून शिक्षण निरर्थक ठरत नाही. संकेतास दोन पक्ष असतात. एकाच पक्षाला, तोही वयाने लहान असलेल्याला, भाषा शिकवून संवाद पुरा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चालकाचे शिक्षण, वाहनांचा वेग आणि रस्त्याची रचना ही त्या संवादाची उरलेली बाजू होय.

भारतातही वाहने डावीकडूनच चालत असल्याने इंग्लंडमधील उजव्या वळणाचा क्रम येथे फिरवून घ्यावा लागत नाही. मात्र शिकविण्याची भाषा तपासली पाहिजे. मराठी घरांतून मुलांना ‘जपून जा’, ‘कडेने जा’ असे सांगितले जाते. ‘जपून’ या शब्दातून कोणतीच निश्चित कृती कळत नाही. ‘कड’ म्हणजे गटाराची कड, उभ्या मोटारींची रांग, की त्या मोटारींची दारे उघडली तरी लागणार नाहीत इतके अंतर, हे मुलाने स्वतःच ठरवावयाचे असते. ‘मागे पाहा, हात दाखवा, पुन्हा पाहा, मग वळा’ या वाक्यात माया कमी दिसेल. पण रस्त्यावर मुलाच्या उपयोगी पडते ते हेच वाक्य.