त्रेसष्टचे छत्तीस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातही त्या दिवशी लहान मुलं नटूनथटून, लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात. बैलाला चार चाकं, गळ्यात माळ, शिंगांना बेगड. एखादं चार वर्षांचं पोरगं मध्येच थांबतं, बैलाच्या तोंडाशी गवताची काडी धरतं आणि तो खाईपर्यंत वाट बघतं. तो लाकडाचा आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि त्याला भूक लागली आहे हेही तितकंच पक्कं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात, एकाच वेळी, भांडण न करता नांदतात.

लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाला यात माणसाच्या बुद्धीची एक मोठी झेप दिसली. वस्तू समोर एक आहे आणि तिचा अर्थ दुसराच आहे, हे मूल खेळातून पेलायला शिकतं. इथूनच त्यानं लिहिण्यापर्यंतची वाट दाखवली: आधी हावभाव, मग खेळ, मग चित्र, मग अक्षर. लाकडाचा तुकडा बैल होऊ शकतो हे ज्या डोक्याला पटलं, त्याला पुढे काळ्या फळ्यावरची वळणदार रेघ ‘ब’ म्हणूनही पटते. म्हणजे तान्ह्या पोळ्यात फिरणारं ते पोरगं लिहिण्याच्या तयारीला कधीच लागलेलं असतं. पाटी-पेन्सिल मागाहून येते.

वायगॉट्स्की आणि स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे ही नावं आपल्याकडे पाठ असतात ती टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेमुळे. दीडशे गुणांच्या त्या पेपरात तीस गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला असतात, त्यामुळे भावी शिक्षक पियाजेनं सांगितलेल्या बौद्धिक विकासाच्या चार अवस्था वयासकट घोकतात. दोघेही 1896 साली जन्मले, हा एक विलक्षण योगायोग. वायगॉट्स्की क्षयानं 1934 मध्ये, वयाच्या अवघ्या 37व्या वर्षी गेला. पियाजेला मात्र 84 वर्षांचं आयुष्य लाभलं. त्याच्या कामाची सुरुवात कशी झाली, ही गोष्ट मला त्या चार अवस्थांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. 1920च्या सुमारास तो पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम करत होता. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच खरं तर काम. त्याचं लक्ष वेधलं चुकलेल्या उत्तरांनी. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती. चुकांना शिस्त होती, म्हणजे त्यांच्यामागे विचार होता. पुढची साठ वर्षं तो त्या विचाराचाच माग काढत राहिला.

हा माग गोरेगावच्या कुठल्याही पहिली-दुसरीच्या वर्गात काढता येईल. या भागात प्रमाण मराठीच्या जोडीला झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि गोंडी अशा भाषा घरोघरी बोलल्या जातात. झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. डोळा हा डोरा होतो. आता पहिलीतल्या मुलीनं वहीत ‘डोरा’ लिहिलं की त्यावर लाल रेघ पडते. पण तिनं काय काय केलं ते पाहा. बोललेला शब्द कानात थांबवला, त्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यासाठी अक्षर शोधलं, काना-मात्रा योग्य जागी दिल्या. वाचन-लेखनाचं सगळ्यात अवघड काम, आवाज आणि अक्षर यांची जोडी लावणं, तिनं अचूक केलं. तिच्या घरात तो शब्द तसाच आहे. प्रमाण रूप तिला शिकवायलाच हवं, यात वाद नाही. पण आधी तिच्या वहीत काय बरोबर आहे ते ओळखावं आणि मग ‘शाळेच्या पुस्तकात याला डोळा म्हणतात’ असं सांगावं. घरची बोली चुकीची आहे असा समज एकदा बसला की मूल वर्गात तोंड उघडायचं बंद करतं, आणि न बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे कुणालाच कळत नाही.

दुसरी वही गणिताची. गुरुजी म्हणतात, ‘त्रेसष्ट’. मूल लिहितं 36. निष्काळजीपणा? मुलानं ऐकलं त्याच क्रमानं लिहिलंय! ‘त्रे’ आधी ऐकू आलं, म्हणून तीन आधी. ‘सष्ट’ नंतर, म्हणून सहा नंतर. बोलताना एकक पुढे आणि लिहिताना दशक पुढे, अशी उलटापालट मराठी मुलाला शंभरापर्यंत करावी लागते. शिवाय साठ तिथे सष्ट होतो, पन्नास तिथे पन्न होतो, आणि एकोणसत्तर म्हणताना तर सत्तरचं नाव घेऊन साठाच्या घरात राहायचं. तेलुगू आणि कन्नड मुलांना हा त्रास नाही, तिथे ‘वीस-एक’ असाच क्रम आहे. जर्मन भाषेत मात्र मराठीसारखीच उलट चाल आहे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा अभ्यास झाला तेव्हा आकडे लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी जवळपास निम्म्या याच अदलाबदलीच्या निघाल्या. गोरेगावचं पोर आणि ऑस्ट्रियाचं पोर एकमेकांची भाषा न जाणता एकच चूक करतात, कारण दोघंही कानाशी प्रामाणिक आहेत!

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, त्रेसष्टच्या जोडीला ‘साठ तीन’ असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विषय विधानसभेत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर परोपरीनं समजावत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना संख्या समजायला सोपं जावं म्हणून हा पर्याय आहे. भाषेची काळजी वाटणाऱ्यांची कळकळ खरी होती. तरी त्या चर्चेत दुसरीतल्या मुलाची वही फार कमी वेळा उघडली गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

पियाजेचा एक गाजलेला प्रयोग घरीही करून बघता येतो. चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी समोरासमोर मांडा. पाच वर्षांच्या मुलाला विचारा, दोन्हीत सारखेच आहेत ना? हो म्हणेल. आता त्याच्यासमोरच एका ओळीतले चिंचोके लांब लांब सरकवा आणि पुन्हा विचारा. लांब ओळीत जास्त आहेत, असं अनेक मुलं ठामपणे सांगतात. पियाजे म्हणाला, मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास येते.

पण 1974 मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी त्यात एक गमतीदार बदल केला. ओळ प्रयोग करणाऱ्यानं विस्कटायची नाही, एका खोडकर टेडी अस्वलानं खोक्यातून बाहेर येऊन विस्कटायची. मोठ्या माणसानं ओळ हलवली तेव्हा सहापैकी जेमतेम एक मूल बरोबर उत्तर देत होतं. अस्वलानं हलवली तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक उत्तरं बरोबर आली. चिंचोके म्हणा की सोंगट्या, संख्या तीच, वय तेच! मग बदललं काय? मोठं माणूस मुद्दाम काहीतरी करतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं की आता उत्तर बदलायला हवं. ते चिंचोक्यांबरोबर आपलाही चेहरा वाचत असतं. वर्गात आपण ‘नक्की?’ एवढं विचारताच बरोबर उत्तर खोडणारी मुलं प्रत्येक शिक्षकानं पाहिली आहेत. बरोबर उत्तरालाही कधीमधी ‘नक्की? कसं काढलंस?’ असं विचारायची सवय ठेवली, तर मुलं चेहरा सोडून गणिताकडे बघू लागतात.

वायगॉट्स्कीचं समीपस्थ विकासक्षेत्र हा टीईटीतला हमखास प्रश्न. मूल आज एकट्यानं करू शकत नाही, पण जाणत्याच्या सोबतीनं करू शकतं, तो पट्टा. धानाच्या या मुलखात तो रोवणीच्या दिवसांत उघड्यावर दिसतो. लहानगी आधी बांधावर बसून बघते, मग पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या आणून देते, मग आईशेजारी वाकून दोन-चार रोपं खोचते. आई शब्दानं फारसं शिकवत नाही. तिरपं लागलेलं रोप सरळ करते आणि पुढे सरकते. किती मदत करायची आणि कधी हात काढून घ्यायचा, याचा तिचा अंदाज बहुधा चुकत नाही. वर्गात तीस मुलं असतात आणि प्रत्येकाचा पट्टा वेगळा, म्हणून शिक्षकाचं काम आईपेक्षा कठीण.

महाराष्ट्रात हे सगळं कुणीतरी मातीत उतरवून दाखवलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते डोंगरावरच्या कोसबाडला, वारली मुलांमध्ये नेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पानं, बिया हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडी त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली; अंगणवाडी ती हीच. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक गुरांच्या मागे रानात गेले, आणि गुरं चरत असताना मुलं शेजारी बसून मोजायला शिकली.