समासातील टिपा : या स्मरणिकेचे हस्तलिखित कसे सिद्ध झाले

स्मरणिकेसाठी लेख पाठविण्याचे आवाहन आम्ही केले, तेव्हा इतका मजकूर येईल अशी आमची कल्पना नव्हती. कोणी वहीची पाने पोस्टाने धाडली, कोणी हस्ताक्षराची छायाचित्रे मोबाइलवर पाठविली, तर कोणी जुन्या फॉन्टात टंकलेल्या आणि आमच्या संगणकावर नुसती चिन्हे दाखविणाऱ्या फाइली दिल्या. हे सर्व युनिकोडमध्ये नव्याने टंकून एका मोठ्या फाइलीत आणले गेले आणि संपादक मंडळातील पाच जणांनी ते वाचावयास घेतले. वाचताना शंका येणारच. त्या शंका कोठे लिहावयाच्या, त्यांचे उत्तर कोणी द्यावयाचे आणि उत्तर मिळाल्यावर त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न आमच्यापुढे लवकरच उभा राहिला. आपल्यापैकी अनेक जण घराण्याचा इतिहास, विहाराची स्मरणिका किंवा स्वतःच्या आठवणी लिहीत आहेत. आमच्या चुका त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हा लेख.

'वर्ड'सारख्या लेखन-प्रणालीत यासाठी दोन सोयी आहेत. पहिली 'कॉमेंट', म्हणजे मूळ वाक्याला हात न लावता समासात लिहिलेली टीप. दुसरी 'ट्रॅक चेंजेस'. ती चालू असताना खोडलेला शब्द नाहीसा होत नाही, त्याच्यावर रेघ दिसते. नवा शब्द रंगात आणि अधोरेखित दिसतो. नंतर प्रत्येक बदल 'ॲक्सेप्ट' करून स्वीकारता येतो किंवा 'रिजेक्ट' करून परतविता येतो. पूर्वी शिक्षक आपल्या निबंधावर लाल शाईने करीत ते हेच. फरक इतकाच की येथे लाल शाई पुसताही येते, आणि धोकाही तेथेच आहे.

लिहिणारा स्वतः उत्तर देण्यास उपस्थित असतो तोवर अशा टिपांचे मोल कळत नाही. परमपूज्य बाबासाहेबांच्या अप्रकाशित लेखनाचे काय झाले, ते पाहावे. महाराष्ट्र शासनाने त्यांचे इंग्रजी लेखन आणि भाषणे खंडशः प्रकाशित करण्यास १९७९ साली प्रारंभ केला आणि संपादनाची धुरा वसंत मून यांनी वाहिली. बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरील निबंध तिसऱ्या खंडात आहे. त्याच्या आरंभी संपादकांनी नोंदविले आहे की, या निबंधाच्या तीन वेगवेगळ्या टंकलिखित प्रती सुट्या कागदांत सापडल्या आणि त्यांतील दोहोंवर बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातील दुरुस्त्या होत्या. त्या पडताळून, दुरुस्त्या अंतर्भूत करून निबंध सिद्ध करावा लागला. चौथ्या खंडातील 'रिडल्स इन हिंदुइझम'ची कथाही अशीच. प्रकरणे मिळाली, त्यांवरील खाडाखोडही मिळाली, परंतु अंतिम प्रत मिळाली नाही. विचारावयाचे तर कोणाला? ते तर ६ डिसेंबर १९५६ रोजीच आपल्यातून गेलेले. अशा वेळी कागदाच्या कडेवरील त्यांच्या हाताची एक रेघ हाच संपादकांचा आधार.

आमच्या फाइलीत पहिली अडचण अगदी क्षुल्लक वाटणारी निघाली. शाळेच्या संगणक-कक्षातील सर्व यंत्रांवर वापरकर्त्याचे नाव एकच होते. त्यामुळे पाच जणांच्या टिपा एकाच नावाने उमटल्या. 'हे तपासा' असे कोणी लिहिले आणि कोणी तपासावयाचे, काही कळेना. मग 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन ज्याने त्याने स्वतःचे नाव घातले आणि टिपेत काय शंका आहे, ती कोणाला विचारावी आणि कोणत्या कागदावरून सुटेल, हे लिहिण्याचा नेम केला. 'बरोबर वाटत नाही' ही टीप नव्हे, तो सुस्कारा आहे. आमच्यातील एका ज्येष्ठ गुरुजींनी तर शंका मूळ मजकुरातच कंसात लिहिल्या होत्या. त्यांतील एक, '(हे खरे का?)', छपाईच्या पहिल्या प्रुफापर्यंत जाऊन पोहोचली!

दुसरा प्रसंग अधिक गंभीर. १९८१ पूर्वी आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. जुन्या आठवणींत ते जागोजागी येत होते. नव्या वाचकांना कळावे म्हणून आमच्यापैकी एकाने 'फाइंड-रिप्लेस'ने एका दमात सर्वत्र 'कुलाबा' काढून 'रायगड' घातले. झाले असे की अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याचा रायगड किल्ला झाला आणि भरतीच्या वेळी पाण्याने वेढला जाऊ लागला! दैवाने ट्रॅक चेंजेस चालू होते, म्हणून प्रत्येक बदल डोळ्यांसमोर होता. आम्ही ते एकेक करून तपासले आणि अखेरीस जवळजवळ सर्वच परतविले. १९२७ च्या घटनेत जिल्हा कुलाबाच असावयास हवा. वाचकांसाठी एक तळटीप पुरेशी होती.

ज्या प्रसंगाची आम्हाला आजही लाज वाटते तो आता सांगतो. एका माजी विद्यार्थिनीने आपण वसतिगृहात का आलो, हे फार मोकळेपणाने लिहिले होते. त्यात घरातील एक दुःख होते. पुढे तिने फोन करून तेवढी चार वाक्ये काढून टाकण्याची विनंती केली. आम्ही ती काढली आणि पडद्यावर 'नो मार्कअप' हा देखावा निवडला. पान स्वच्छ दिसू लागले. फाइल दोन सदस्यांना धाडली, तेव्हा त्यांतील एकाने सर्व बदल दाखविणारी कळ दाबली आणि ती चारही वाक्ये, रेघ मारलेली पण पूर्ण वाचता येतील अशी, समोर आली. लपविणे आणि काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खोडलेला मजकूर 'ॲक्सेप्ट' केल्याशिवाय फाइलीतून जात नाही. समासातील टीप तर स्वतंत्रपणे 'डिलीट' करावी लागते. 'रिझॉल्व्ह' केल्याने ती केवळ फिकट होते. त्या दोन्ही प्रती आम्ही परत मागवून नष्ट केल्या आणि त्या भगिनीला झालेला प्रकार सांगून क्षमा मागितली. तेव्हापासून बाहेर जाणारी प्रत्येक फाइल आम्ही 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' या तपासणीतून काढतो. शक्यतो पीडीएफच धाडतो, आणि तीही समासाच्या टिपांसह तर निघाली नाही ना, हे पाहून.

मग सर्वच टिपा पुसून टाकाव्यात काय? येथे आमच्यात मतभेद झाला. काहींच्या मते छापील पुस्तक हेच अंतिम, मागचा पसारा ठेवू नये. आमच्या बहुमताने याउलट ठरविले, आणि त्याला कारण 'द बुद्ध अँड हिज धम्म' हाच ग्रंथ ठरला. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद मागवून घेतले होते, ही नानकचंद रत्तू यांनी सांगितलेली हकीकत आपणांस ठाऊक आहे. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. कोणते वचन कोणत्या सुत्तातून घेतले, याचे संदर्भ त्यात नव्हते. हिंदी अनुवाद करताना भदन्त आनंद कौसल्यायन यांना ते पाली आधार परिश्रमाने शोधावे लागले. शासनाच्या अकराव्या खंडाला तर १९९५ साली केवळ पाली व इतर आधारांची स्वतंत्र पुरवणी जोडावी लागली. आमची स्मरणिका कोठे आणि तो महाग्रंथ कोठे! परंतु कोणती गोष्ट कोणी, कशावरून सांगितली, हे आज चार ओळींत लिहून ठेवता येत असेल, तर पुढच्यांना ते पुन्हा शोधावयास का लावावे?

म्हणून आम्ही दोन प्रती केल्या. छपाईची प्रत पूर्णपणे स्वच्छ. दुसरी, टिपा आणि त्यांची उत्तरे असलेली, फाइलीच्या नावात तारीख घालून शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. तिची छापील प्रतही कपाटात आहे, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत यंत्रांचा भरवसा फारसा धरता येत नाही. त्या भगिनीची चार वाक्ये मात्र कोणत्याही प्रतीत नाहीत.

या दुसऱ्या प्रतीत एक टीप अजून उघडी आहे. एका माजी विद्यार्थ्याने लिहिले होते की, त्याचे आजोबा डिसेंबर १९२७ मध्ये महाडला गेले आणि चवदार तळ्याचे पाणी प्याले. आमच्यापैकी एकाने समासात विचारले : पाणी घेतले ते २० मार्चला. डिसेंबरच्या परिषदेत २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, पण न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे तळ्यावर पाणी घेण्याचा कार्यक्रम स्थगित ठेवावा लागला. मग आजोबा कोणत्या वेळी गेले? मार्चला, डिसेंबरला, की दोन्ही वेळा? ज्या वाक्यावर एका घराने तीन पिढ्या अभिमान बाळगला ते खोडण्याचा अधिकार आम्हाला नव्हता आणि न तपासता छापण्याचाही नव्हता. त्याने थोरल्या आत्याबाईंना विचारले. त्यांना थंडी आठवते, शिवाय वडिलांनी तळ्याच्या पाण्याची चव सांगितल्याचेही आठवते. पृष्ठावर आम्ही 'आजोबा १९२७ साली महाडला गेले होते' एवढेच छापले आहे. कोणाच्या घरी त्या वेळचे एखादे पत्र, पावती किंवा सोबत गेलेल्यांची नावे असतील, तर ती ग्रंथालयात आणून दाखवावीत. त्या टिपेखाली उत्तरासाठी जागा ठेवली आहे.